टाकीजवळचा लाल डाग

आमच्या सोसायटीत माझ्याविषयी एक ठाम समज आहे, की मी कॉलेजात पोरांना चोऱ्या शिकवते. तळमजल्यावरच्या काकूंनी तर एकदा लिफ्टसमोर गाठून विचारलंच, "मग परीक्षा कशी घेता हो त्यांची? प्रॅक्टिकल असतं का?" मी म्हटलं, "असतं ना. जो पहिला येईल त्याला तुमच्याच घरी पाठवणार आहे." त्यानंतर त्यांनी दाराला दुसरं कुलूप बसवून घेतलं. माझं तोंड हे असं आहे. पोलिसात असताना या तोंडामुळे माझ्या किती बदल्या झाल्या ते विचारू नका.

तर खरं काय ते सांगते. मी निवृत्त सहायक फौजदार, आडनाव सावंत, मूळ कोकणातली, आता विरार पूर्वेची. नोकरीतली बहुतेक वर्षं मी क्राइम रायटर होते. सिनेमात पोलिस धावतात, भिंतीवरून उड्या मारतात, तेव्हा मागे टेबलाशी मान खाली घालून जी बाई लिहीत बसलेली असते ना, ती मी. गुन्हा कुठे झाला, कधी झाला, कसा झाला, हे सगळं माझ्या हाताखालून जायचं. निवृत्तीनंतर वसईतल्या एका कॉलेजाने 'गुन्हे आणि गुप्तवार्ता विश्लेषण' असा पदविका अभ्यासक्रम काढला आणि तिथल्या विभागप्रमुखांनी मला शिकवायला बोलावलं. मी हुरळले. पण सरांची अट होती, की शिकवायच्या आधी मी स्वतः त्या कोर्सचं पहिलं वर्ष पूर्ण करायचं. झालं! साठीला टेकलेली मी, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या मधोमध बाकावर जाऊन बसले. पहिलं वर्षभर ती मला 'मावशी' म्हणत होती आणि परीक्षेत माझा पेपर बघायला मान वाकडी करत होती. दुसऱ्या वर्षी मी फळ्यासमोर उभी राहिले तेव्हा तीच पोरं 'मॅडम' म्हणून उठून उभी राहिली. मला इतकं हसू आलं, की पहिलं लेक्चर निम्मं त्यातच गेलं.

हा विषय बाहेरच्यांना वाटतो तेवढा भारी नाही. चोर हा माणूसच असतो आणि माणसाला सवयी असतात. कोणी खिडकीचे गज वाकवतो, कोणी कडी-कोयंडा उचकटतो, आणि ज्याला जे जमलं तेच तो पुन्हा करतो. अशा दहा-वीस घटना शेजारी-शेजारी मांडल्या, की कधीकधी त्यातून एक सवय दिसते, ती आधी आम्ही कागदावर शोधायचो, आता पोरं कॉम्प्युटरवर शोधतात. आणि माहिती वेगळी, गुप्तवार्ता वेगळी. 'अमका तिथे दिसला होता' ही झाली माहिती. ती तपासून, दुसऱ्या चार गोष्टींशी जोडून, 'साहेब, इथे माणूस उभा करा' असं छातीठोक सांगता आलं, की ती गुप्तवार्ता. मधली सगळी मेहनत म्हणजे विश्लेषण. एवढंच आहे. बाकी सगळे इंग्रजी शब्द फी वसूल व्हावी म्हणून आहेत, असं मी वर्गात म्हणते आणि सर माझ्याकडे डोळे वटारून बघतात.

या धंद्यात गिऱ्हाइकंही येतात, आणि कसली कसली! एक बाई मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. "मुलगा कसा आहे, जरा विश्लेषण करून द्या ना. तुमच्या कॉम्प्युटरवर टाकलं की कळतं म्हणे." मी म्हटलं, "बाई, कॉम्प्युटरवर टाकून नवरा कळला असता तर मी माझाच आधी टाकला नसता का?" त्या रागावल्या नाहीत. बसल्या, पाणी प्यायल्या आणि आपल्या नवऱ्याविषयी अर्धा तास बोलल्या. एका सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या कोण मारतो ते शोधायला मुलं पाठवा म्हणून हटून बसले होते. मी बघितलं तर बोलता बोलता ते स्वतःच डावा गाल सांभाळून बोलत होते. मी चौकशी अर्ज द्या म्हटलं, तो काही आला नाही.

शिकवताना मला सगळ्यात जास्त मजा मुलांच्या चुकांची येते, कारण त्या हुशार माणसांच्या चुका असतात. सातिवलीच्या गाळ्यांमधल्या चोऱ्यांचा तक्ता एका गटाने केला होता. तांब्याची तार, मोटारी, असला माल जायचा. मुलांनी मोठ्या ऐटीत सांगितलं, "मॅडम, चोर शनिवारी येतो. शनिवारी गस्त वाढवायला पाहिजे." मी विचारलं, "शनिवारीच का रे येतो? मारुतीचा भक्त आहे का?" वर्ग हसला. मग मी त्यांना रिक्षात घालून सातिवलीला नेलं. तिथल्या गाळ्यांना साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. चोर शुक्रवारी निवांत माल नेतो, मालक शनिवारी शटर उघडतो तेव्हा बोंब होते, आणि तक्रारीवर तारीख पडते शनिवारची. म्हणजे मुलांनी चोराची नाही, मालकाची सवय शोधली होती.

अर्नाळ्याला नेलं तेव्हा उलटी गंमत. नकाशावर अर्नाळ्याची कोळ्यांची वस्ती अगदी कोरी दिसत होती. एका मुलाने निष्कर्ष काढला, की तिथे गुन्हेच होत नाहीत. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींना मी म्हटलं, "ऐकलंत का, तुमच्या गावात चोऱ्या होत नाहीत म्हणे." त्या कमरेवर हात ठेवून हसल्या. "कोन म्हनतो? माझी जाळी गेली की मागच्या साली. पन पोलिसात कोन जातो? आमी पंचांकडे जातो. जाळी परत आली, वर त्याला पंचांनी दंड मारला." परतताना त्या मुलाने वहीतला निष्कर्ष खोडला.

या सगळ्यातून मुलं शहाणी होतात, असं मी समजून चालले होते. ऋतुजा तर त्यांच्यात सगळ्यात पुढे. विरारच्याच फुलपाड्यात राहणारी, वडील मुंबईला कंपनीत, आई घरी. बोलायला फटकळ, कामाला वाघ. तिच्यात मला माझी तरुणपणातली खोडी दिसायची, म्हणून मी तिला जरा जास्तच ओरडायचे.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पोलिसांनी फुलपाड्यातल्या दुचाकी चोऱ्यांची माहिती दिली. तक्रारदारांची नावं झाकलेली, फक्त तारीख, गाडीचा प्रकार आणि ठिकाण. ऋतुजाने ते सगळं नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये भरलं. हा प्रोग्रॅम काय करतो, तर जिथे जास्त घटना तिथे गडद रंग चढवतो. आणि फुलपाड्यातल्या पाण्याच्या टाकीवर असा रसरशीत लाल डाग उमटला, की हॉलमध्ये पडद्यावर तो आल्याबरोबर मागच्या रांगेतून 'ओहो' ऐकू आलं. सादरीकरणाला त्या भागाचे पोलिस अधिकारी आले होते. त्यांनी तिला उभं करून शाबासकी दिली. आमच्याकडे असं काम करणाऱ्या मुलांची गरज आहे, पास झालीस की भेट, असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. ऋतुजाची आई पदराने डोळे पुसत होती. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

पुढच्या आठवड्यात माझी स्कूटर बंद पडली आणि मी ती ढकलत दामूच्या गॅरेजला नेली. दामू घरत हा फुलपाड्यातला जुना माणूस. इथे भातशेती होती तेव्हापासूनचं त्यांचं घर. शेती गेली, बिल्डिंगा आल्या, आणि टाकीच्या भिंतीला लागून उरलेल्या तुकड्यावर त्याने गॅरेज टाकलं. मागे घर, पुढे गॅरेज. माझी स्कूटर माझ्यापेक्षा तोच जास्त ओळखतो. त्या दिवशी शटर अर्धं खाली होतं, एकही गाडी उभी नव्हती आणि दामू पायरीवर नुसता बसला होता.

"काय रे, आजारी आहेस का?"

"नाय मॅडम. बसा." त्याने फडक्याने स्टूल पुसलं. "तुमी त्या कॉलेजात शिकवता ना? तुमच्या पोरांनी म्हने कॉम्प्युटरवर काढलं, की चोर टाकीजवळ राहतो."

"टाकीजवळ मी राहतो," दामू म्हणाला. "मी सोडून फक्त पानी राहतं."

मग एकेक बाहेर आलं. चौकीवर त्याला दोनदा बोलावून दिवसभर बसवून ठेवलं होतं. गॅरेजमधले जुने सायलेन्सर, बॅटऱ्या, एक इंजिन, असं सगळं टेम्पोत घालून नेलं होतं, पावत्या आण म्हणाले. गणपतीच्या आधी दरवर्षी पोलिस संशयितांवर प्रतिबंधक कारवाई करतात, म्हणजे चांगलं वागेन असा जामीन लिहून घेतात. यंदा त्यात त्याचंही नाव घालणार होते. गिऱ्हाइकं गाड्या घेऊन गेली होती, काही तर दुरुस्त न होताच.

"ते सगळं सोडा," तो म्हणाला. "पेटी न्यायची म्हनतात."

फुलपाड्यातली बिल्डिंगांची माणसं गावदेवीला नमस्कार करून पुढे जातात, त्यांना हे माहीत नसेल. देवीच्या दागिन्यांची पेटी मंदिरात ठेवत नाहीत. ती घरतांच्या घरी असते. दामूच्या आज्याच्याही आधीपासून. नवरात्राच्या आदल्या दिवशी घरतांची सून दागिने चिंचेने उजळते आणि दामू पेटी डोक्यावर घेऊन मंदिरात जातो. त्या पेटीला कुलूपही नाही. आता गावातल्या तिघा जाणत्यांनी निरोप धाडला होता, की पोलिसांत नाव गेलेल्या घरात पेटी नको. पितृपक्ष लागायच्या आधी हलवू. पेटी गेली की गावात घरतांचं काय राहणार, ते मला दामूने सांगायची गरज नव्हती.

मी तडक कॉलेजात गेले. डोक्यात तिडीक गेली होती. ऋतुजाला लायब्ररीतून बाहेर काढलं आणि सगळं सांगितलं. ती गोरीमोरी झाली, पण मागे हटली नाही.

"मॅडम, मी नाव घेतलं नाही कोणाचं. डेटा सांगतोय की टाकीजवळ सगळ्यात जास्त चोऱ्या आहेत. आणि तिथे गॅरेज आहे, जुने पार्ट आहेत. तुम्हीच शिकवलंत ना, माणूस ओळखीचा आहे म्हणून सोडायचा नाही?"

शिकवलं मीच होतं. दामू माझी स्कूटर प्रेमाने दुरुस्त करतो, हा काही तो निर्दोष असल्याचा पुरावा नाही. एखाद्या नव्या हवालदाराने मला असं सांगितलं असतं तर मी त्याला टेबलासमोरून हाकललं असतं. मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. पण मला त्या डागाचा भरवसा वाटत नाही. का, ते मला सांगता येत नाही." ती म्हणाली, "मग मी काय करू?" मी म्हटलं, "मलाही माहीत नाही, जा." दोघीही फणकारून निघालो.

दोन दिवसांनी संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज असा, की मी आधी घाबरलेच.

"मॅडम, आईने आत्ता पार्सल मागवलं. डिलिव्हरीवाल्याचा फोन आला, कुठे येऊ म्हणून. आई म्हणाली, 'टाकीजवळ या, तिथून फोन करा.'"

"मग?"

"मॅडम, आमची बिल्डिंग टाकीजवळ कुठे आहे? तलावाच्या पलीकडे आहे. रिक्षाने जावं लागतं."

मी खाटेवर बसले. फुलपाड्यात साई नावाच्या बिल्डिंगा इतक्या, ओम नावाच्या तितक्याच, गल्ल्यांना नावं नाहीत. बाहेरून आलेल्या माणसाला कळेल अशी एकच खूण, ती उंच टाकी. पाहुण्याला सांगायचं टाकीजवळ, रिक्षावाल्याला सांगायचं टाकीजवळ. आणि गाडी चोरीला गेली की पोलिसालाही सांगायचं टाकीजवळ. लिहिणारा तेच लिहितो, घाईत असतो बिचारा. आणि कॉम्प्युटर हा फार आज्ञाधारक प्राणी. त्याला टाकी म्हटलं की तो टाकीवर टिंब ठेवतो, एकावर एक. ऋतुजाने जो डाग काढला तो चोऱ्यांचा नव्हता. फुलपाड्यातली माणसं पत्ता कसा सांगतात, त्याचा होता.

"मी रोज तिथूनच येते-जाते मॅडम," ती रडायला लागली. "मी स्वतः सगळ्यांना टाकीजवळच सांगते. मला कसं कळलं नाही?"

"रडून झालं की चपला घाल," मी म्हटलं. "उद्या सकाळपासून फिरायचंय."

त्या अधिकाऱ्यांकडून परवानगी आणि झाकलेली नावं-पत्ते घेऊन आम्ही एकेका तक्रारदाराकडे गेलो. पावसाची भुरभुर, रस्त्यात चिखल, आणि प्रत्येक दारात तेच. "गाडी कुठे उभी होती?" "टाकीजवळ." "चला, दाखवा." मग ते गृहस्थ पुढे आणि आम्ही मागे. पिठाची गिरणी ओलांडली, शाळेची भिंत ओलांडली, तलाव ओलांडला. एका आजोबांनी तर आम्हाला इतकं लांब नेलं, की मी विचारलं, "आजोबा, इथून टाकी दिसते तरी का?" त्यांनी टाचा उंच करून पाहिलं आणि म्हणाले, "दिसत नाही, पण जवळच आहे." एक गाडी तर थेट शेजारच्या मनवेलपाड्याच्या हद्दीतून गेलेली निघाली, मालकाची सासुरवाडी तिथे होती. ऋतुजा प्रत्येक जागी उभी राहून मोबाइलवर नोंद करत होती. पहिल्या दिवशी हमसत होती, दुसऱ्या दिवशी तिला हसू यायला लागलं.

टाकीला खेटून खरोखर गेलेली गाडी एकच निघाली. ती दामूच्या गॅरेजमधून गेलेली, गिऱ्हाइकाची. तक्रार दामूनेच केली होती. मी त्याला विचारलं, "अरे, हे चौकीवर का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "सांगितलं की. म्हनाले, चोर असाच असतो, स्वतःच उचलतो आनि स्वतःच बोंबलतो."

नवा नकाशा पडद्यावर आणला तेव्हा टिंबं सगळीकडे विखुरलेली होती. कुठे लाल नाही, कुठे गडद नाही. नुसता फिका पिवळा रंग सांडल्यासारखा. असा नकाशा घेऊन अधिकाऱ्यासमोर जायला जिगर लागते. ऋतुजा एकटी गेली, मला दाराबाहेर बसायला सांगितलं. आवाज मला ऐकू येत होते.

"मग चोर कुठे आहे?"

"माहीत नाही सर."

"म्हणजे आधीचा नकाशा बरा होता. निदान काहीतरी सांगत होता."

"तो खोटं सांगत होता सर. चूक माझी आहे. मी जागा न बघता टिंबं ठेवली."

माणूस वाईट नव्हता. त्याने फोन उचलला, चौकीला सांगितलं, कारवाईतून नाव काढा, सामान परत करा. ऋतुजाला 'चांगलं केलंस' म्हणाला. मात्र पास झालीस की भेट, हे पुन्हा काही म्हणाला नाही. तिनेही आठवण करून दिली नाही. ती आता ठाण्याला एका बँकेत फसवणुकीची प्रकरणं तपासते, पगार बरा आहे. पण तिला पोलिसांतच यायचं होतं, आणि तिच्यासारखं माणूस तिथे नाही, याची मला हळहळ वाटते. कॉलेजात तेव्हापासून नियम केलाय, की जागेवर जाऊन उभं राहिल्याशिवाय नकाशावर टिंब ठेवायचं नाही. मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.

आम्हाला वाटलं, सुटलो. पण चौकीने नाव काढलं म्हणून गावाने काढलं असं होत नाही. अनंत चतुर्दशी होऊन विसर्जन आटोपलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दामूच्या बायकोचा, विमलचा, मला फोन आला. "मॅडम, ती माणसं आज येनार हायेत." मी ऋतुजाला घेऊन निघाले.

गेलो तेव्हा ते तिघे ओटीवर बसलेले होते. वयस्क, धुवट कपड्यांतली भली माणसं. मधे पाटावर पेटी. साधी, सागवानी, हळद-कुंकू लागून लागून काळी पडलेली. विमल दारात उभी. आजूबाजूची पंधरा-वीस माणसं अंगणात जमली होती. आमच्याकडे बघून तिघांतले थोरले, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते म्हणाले, "या मॅडम. आमाला वाईट वाटतंय, पन गावाच्या देवीचं हाय."

ऋतुजा पुढे झाली. मला वाटलं होतं तिला रडू फुटेल. ती रडली नाही. तिने सगळं सांगितलं, टाकी, पत्ते, आईचं पार्सल, पोलिसांनी नाव काढल्याचं. साध्या भाषेत, कोणाला दोष न देता. आणि दामूपुढे हात जोडून म्हणाली, "काका, माझ्यामुळे झालं हे सगळं. माफ करा."

नाना बाकीच्या दोघांकडे बघून म्हणाले, "पोरगी खरं बोलते. मग आता काय प्रश्नच राहिला नाय. दामू, पेटी राहू दे तुझ्याचकडे." अंगणात कोणीतरी 'बरं झालं' म्हणालं. मीही मनात देवीला नमस्कार केला.

दामू उठला नाही. त्याने नानांकडे पाहिलंच नाही. तो ऋतुजाला म्हणाला, "पोरी, तुझ्या नकाशात माझं नाव होतं का?"

"नाही काका."

"काय होतं?"

"फक्त टाकी होती."

"मंग माझं नाव कोनी घातलं?"

विचारताना त्याचा आवाज चढला नव्हता. खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्याने विचारलं होतं. ऋतुजाने मान खाली घातली, पण प्रश्न तिला नव्हता हे अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. नाना पाटाकडे बघत राहिले. चौकीवर दामूला बसवलं त्या दिवशी ज्यांनी गॅरेजमधून गाड्या नेल्या, ते दोघे-तिघे तिथेच उभे होते, ते मागे सरकले. मी इतकी वर्षं गुन्ह्यांत काढली, माणसांना प्रश्न विचारण्यात हयात गेली, आणि असा प्रश्न मला कधी सुचला नाही.

मग दामू उठला. त्याने पेटी उचलली, नेहमीसारखी डोक्यावर नाही, काखेत घेतली आणि आत गेला. विमल त्याच्या मागे गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो. घरतांच्या घरून कोणी चहा घेतल्याशिवाय गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी चहा कोणाला विचारला नाही. नाना बराच वेळ ओटीवर बसून होते, मग चपला शोधून घालून तेही निघाले.